सुगरणीचा खोपा आणि विज्ञानाचे उघडे दार

पावसाळ्यात भोर तालुक्यातून फिरताना विहिरीकाठच्या बाभळीला किंवा शिंदीच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लटकलेले दिसतात. आंबवडे हे त्याच मुलखातले गाव. नागेश्वराचे जुने मंदिर, संस्थानच्या काळातला झुलता पूल, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या, रायरेश्वराकडे जाणारी वाट, हे सगळे पाहायला पर्यटक येतात. खोप्यांकडे मात्र गावातल्या पोरांखेरीज कोणी फारसे पाहत नाही.

त्या खोप्याविषयी आपल्या घराघरांत एक चुकीची समजूत आहे. पक्ष्याचे नावच सुगरण, तेव्हा घर विणणारी मादी असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विणकर असतो नर. तो पात्यांचे धागे काढून अर्धा खोपा विणतो. मग मादी येते, आत-बाहेर करून कारागिरी तपासते. पसंत पडला तरच ती मुक्काम करते आणि मग नर खोप्याचा लांब बोगदा पुरा करतो. तेवढ्यावर तो थांबत नाही. शेजारच्या फांदीवर लगेच दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी! जे खोपे कोणालाच पसंत पडत नाहीत, ते तसेच अर्धवट लोंबत राहतात.

हा सगळा संसार नीट पाहून, नोंदी ठेवून जगासमोर मांडला तो सालिम अलींनी. साल १९३०, ठिकाण अलिबागजवळचे किहीम. प्रयोगशाळा नव्हती, हाताखाली माणसे नव्हती, सरकारी अनुदान नव्हते. त्यांचे वय तेव्हा ३३ होते आणि हाताला नोकरी नव्हती.

पक्षितज्ज्ञ सालिम अली आपल्याला फोटोतले म्हातारे माहीत आहेत. पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण, अंगावर पद्मविभूषण. शाळेच्या भिंतीवर लावायला तेवढे पुरते. पण घरात बी.एस्सी., एम.एस्सी. झालेला मुलगा किंवा मुलगी ‘मला संशोधन करायचे आहे’ म्हणत असेल, तर आपल्याला उपयोग आहे तो त्या ३३ वर्षांच्या बेकार सालिम अलींचा.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतल्या घरात भावंडांसह त्यांना वाढवले. घर शिकारीच्या शौकाचे, त्यामुळे छोट्या सालिमच्या हाती छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा खेळ झाला. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही नेहमीची घरचिमणी नव्हे. मग ही आपल्याला खायला चालते की नाही? मुसलमान घरातल्या मुलाला पडावी अशीच शंका. मामांनाही तिचे उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी भाच्याला उडवून लावले नाही, चिठ्ठी लिहून दिली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले.

ही गोष्ट १९०८ च्या सुमारासची. सोसायटी १८८३ मध्ये आठ जणांनी स्थापन केलेली. त्यांत दोघे आपले मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. तिथले मानद सचिव मिलर्ड हे गोरे साहेब. दहा-बारा वर्षांचा पोर कागदात मेलेली चिमणी गुंडाळून आत शिरायला घाबरत होता, असे सालिम अलींनी आत्मचरित्रात सांगितले आहे. मिलर्डनी पक्षी ओळखला, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. त्या आत्मचरित्राचे नावही चिमणीवरूनच आहे, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. शिक्षण अर्ध्यावर सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले. तो बुडाला. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे अर्ज केला, तर पुरेशी पदवी नाही म्हणून नकार. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्याने उघडलेल्या निसर्ग विभागात त्यांना ‘गाईड-लेक्चरर’ची जागा मिळाली, पगार महिना ३५० रुपये. काम काय, तर येणाऱ्या शाळकरी मुलांना आणि लोकांना काचेआडचे प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. आपल्या देशातल्या एका थोर शास्त्रज्ञाची विज्ञानातली पहिली पगारी नोकरी सामान्य माणसाला विज्ञान सांगण्याची होती, हे मला फार बोलके वाटते.

दोन वर्षांत लक्षात आले की रीतसर शिक्षणाशिवाय पुढे जाता येणार नाही. रजा काढून ते बर्लिनला गेले, तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले तर पैशाअभावी म्युझियममधली जागाच रद्द झालेली. आता काय? पत्नी तहमीना यांच्या माहेरचे किहीमला घर होते. मुंबईत भाडे भरणे परवडेना म्हणून दोघे तिथे राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. बाकी उद्योग नव्हता, म्हणून ते पाहत बसले. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात तो लेख आला आणि पक्षिशास्त्राच्या जगात या माणसाचे नाव झाले.

इथे तहमीनाबाईंविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. नवरा पस्तिशीला आलेला, कमाई नाही, आणि दिवसभर झाडाखाली बसून पाखरे मोजतो. आपल्या आजच्या एखाद्या मोहल्ल्यात हे चालले असते तर नातेवाइकांनी काय काय सुनावले असते! तहमीनाबाई मात्र त्यांच्यासोबत किहीमलाही राहिल्या आणि पुढे पक्ष्यांच्या पाहणीसाठी रानोमाळही हिंडल्या. १९३९ मध्ये त्या गेल्या. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ त्यानंतर दोन वर्षांनी निघाले, पद्मभूषण मिळाले ते १९५८ मध्ये. सालिम अली तेव्हा ६१ वर्षांचे होते.

म्हणजे कामाचे वय तिशीचे आणि गौरवाचे साठीचे. विज्ञानात हे अंतर नेहमीच मोठे राहिले आहे. ते कमी करावे म्हणून तरुण संशोधकांसाठी वयाची अट घातलेले पुरस्कार निघाले. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला, वयाची मर्यादा ४५ वर्षे. १९६१ मध्ये असीमा चटर्जी यांना रसायनशास्त्रासाठी तो मिळाला, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९७६ मध्ये ओबेद सिद्दिकी यांना मिळाला. सिद्दिकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, पण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला तो त्यांनी. सरकारने आता पुरस्कारांची नवी मांडणी केली आहे. तरुणांसाठीच्या पुरस्काराचे नाव ‘विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर’ आणि वयाची मर्यादा तीच. इन्फोसिस पुरस्कारानेही २०२४ पासून वयाची अट ५० वरून ४० वर आणली. दखल वेळेत घ्यायची, हाच त्यामागचा विचार.

२०२४ मध्ये ‘विज्ञान युवा’चे पहिले १८ मानकरी जाहीर झाले, त्यांत दोघे पुण्यात काम करणारे निघाले. राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या प्रज्ञा यादव यांचे काम कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी अनुभवले आहे, फक्त नाव माहीत नव्हते. दुसरे पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल. हिंद महासागर तापला की आपल्या पावसाचे काय होते, हा त्यांचा विषय. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, हे त्यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये दाखवून दिले. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत राबणाऱ्याला या संशोधनाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. याच कोल यांच्या मूळ मुलखात, केरळातल्या मीनाचिल नदीच्या खोऱ्यात, शाळकरी मुले रोज पर्जन्यमापक वाचून पाऊस लिहून ठेवतात आणि पुराचा अंदाज बांधायला त्या नोंदी कामी येतात. रायरेश्वराच्या पायथ्याला पाऊस काही कमी पडत नाही!

पुरस्कार हा शेवटचा टप्पा झाला. खरी ओढाताण त्याआधीची, बावीस ते पस्तीस या वयातली. पीएच.डी. म्हणजे आणखी एक परीक्षा नव्हे. पाच-सहा वर्षे एकाच प्रश्नाच्या मागे लागायचे. नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये मिळतात, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे. घर चालवायला मदत होते, पण ही नोकरी नाही. त्यानंतरही दोन-तीन वर्षे इकडेतिकडे तात्पुरत्या जागांवर काढावी लागतात. ‘अजून शिकतोच आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईदला ऐकावा लागतो. मुलीला तर दुसराच प्रश्न विचारतात, तो लिहायची गरज नाही.

आपल्या मुलांसाठी या वाटेवर एक आधार होता तो गेला आहे. सच्चर समितीच्या अहवालानंतर २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. इतर योजनांशी ती सारखीच आहे, असे कारण संसदेत देण्यात आले. ज्यांना आधी मिळाली होती त्यांची चालू राहिली, नव्यांसाठी दार मिटले. जे उरले आहे ते नीट माहीत करून घेतलेले बरे. सीएसआयआरची फेलोशिप गुणवत्तेवर मिळते, तिथे महिलांना आणि इतर मागासवर्गीयांना वयात सवलत आहे. आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण केंद्राच्या कामाला केंद्राच्या यादीप्रमाणेच दाखला लागतो आणि तो वेळेवर काढलेला नसतो, इतकीच अडचण असते. लग्न, बाळंतपण, घर यामुळे ज्यांचे संशोधन मध्येच सुटले त्यांच्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ ही योजना आहे. चाळिशीतल्या कितीतरी एम.एस्सी. झालेल्या बहिणी आपल्या घरांत आहेत, त्यांच्यापर्यंत हे नाव पोहोचायला हवे.

याच विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ नावाचा उपक्रम काढला होता. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपले संशोधन सामान्य वाचकाला कळेल असे लिहून पाठवायचे आणि निवडक लेखांना राष्ट्रीय विज्ञान दिनी बक्षीस. संशोधकाला आपले काम आईला समजावून सांगता आले पाहिजे, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

विज्ञान दिन २८ फेब्रुवारीचा. १९२८ मध्ये या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, १९८७ पासून तो देशभर साजरा होतो. प्रकाश पदार्थातून जाताना विखुरतो आणि त्यातल्या थोड्याशा प्रकाशाचा रंग बदलतो, हा तो शोध. प्रकाश म्हटले की आपल्या सभांतून इब्न अल-हैसमचे नाव निघतेच. प्रकाश डोळ्यातून निघत नाही, वस्तूकडून डोळ्यात येतो, हे हजार वर्षांपूर्वी त्याने प्रयोगाने दाखवले. अभिमान जरूर बाळगावा. पण बसराच्या इब्न अल-हैसमवर टाळ्या वाजवून झाल्यावर आपल्या पोरांना त्या २८ फेब्रुवारीला कुठे नेले, हेही कोणी विचारावे.

नेण्यासारखी ठिकाणे पुणे जिल्ह्यात आहेत. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते. गावोगावच्या शाळा-कॉलेजांची मुले आपापले प्रयोग मांडतात, जत्रा लोटावी तशी माणसे येतात, तबकड्या जवळून पाहायला मिळतात. आंबवड्याच्या मुलाने तिथे एक गोष्ट मुद्दाम पाहावी. एवढी प्रचंड तबकडी भरीव पत्र्याची नाही. ताणलेल्या तारांच्या सांगाड्यावर बारीक जाळी बसवली आहे, म्हणून ती हलकी आणि स्वस्त झाली, आणि वारा जाळीतून निघून जातो. ताणलेली तार केवढे वजन पेलते हे झुलत्या पुलावरून शाळेत जाणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकातही विज्ञान दिनी लोकांना दारे खुली असतात. ही संस्था १९८८ ची, जयंत नारळीकरांनी उभी केलेली. शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने तिथे त्यांनी सुरू केली. मुले सही मागायला आली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि उत्तरे खरोखर जायची. पुलंच्या कुटुंबाच्या देणगीतून तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली, इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले आणि त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर विज्ञानरत्न जाहीर झाला.

या दोन्ही ठिकाणी मुलांना सगळ्यांत मोलाचे काय मिळत असेल तर पंचविशीतले संशोधक. स्टॉलवर उभे राहून दिवसभर घसा बसेपर्यंत बोलणारी हीच मंडळी उद्याच्या पुरस्कारांच्या यादीत असतात. कुठल्या गावचा, कोणत्या माध्यमात शिकला, घरी काय म्हणाले, फेलोशिप कशी मिळाली, हे त्यांना बेधडक विचारावे. मुलांपेक्षा पालकांनी विचारावे.

आता अडचणी. भोरहून पुणे गाठायचे म्हणजे पहाटेची गाडी, खोडद तर तिथून आणखी ऐंशी किलोमीटर. शाळेने गाडी केली तर ठीक, नाहीतर तीन-चार घरांनी मिळून जावे. दुसरे म्हणजे २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षांचा २८ फेब्रुवारी रमजानमध्ये येतो. रोजा धरून उन्हात रांगा लावणे लहानांना जमणार नाही, तेव्हा मोठ्या मुलांनी सकाळी लवकर जाऊन इफ्तारपर्यंत परतावे, धाकट्यांना वर्षातल्या एखाद्या शनिवारी न्यावे. घरात बसून आहेत म्हणून मोबाईलवर ग्रहगोलांचे व्हिडिओ दाखवले की काम झाले, असे मात्र समजू नये.

शाळेच्या पातळीवरही वाटा आहेत. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालते, मराठी माध्यमातूनही देता येते. तिचे हल्ली बऱ्याच ठिकाणी क्लासवाल्यांनी दुकान केले आहे. पण त्यातला कृतिप्रकल्प मुलाने स्वतः केला तर चीज होते. ‘इन्स्पायर-मानक’मध्ये शाळेने मुलांच्या कल्पना पाठवायच्या असतात, निवड झाली तर नमुना तयार करायला दहा हजार रुपये मिळतात. नाव पाठवायचे काम शाळेचे असल्याने पालकांनी मुख्याध्यापकांना आठवण केलेली बरी.

आणि पुण्याला जाणे जमलेच नाही, तर गावात करण्यासारखा एक उत्सव आहेच. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. सुरुवात अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसाला आणि शेवट सालिम अलींच्या. या दिवसांत सुगरणीचे खोपे रिकामे असतात, पण झाडावर टिकून असतात. पूर्ण किती, अर्धवट सोडलेले किती, पाण्यापासून किती अंतरावर, झाडाच्या कोणत्या बाजूला जास्त, एवढे पाचवीतली मुलगीसुद्धा वहीत लिहू शकते. सालिम अलींना स्वतःला विद्यापीठाची साधी पदवी नव्हती, तरी पुढे ते मार्गदर्शक झाले आणि त्यांचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरणीवरच प्रबंध लिहिला. खोपे बहुतेक झाडाच्या पूर्व बाजूला असतात, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा मारा चुकवायला, असे अभ्यासक सांगतात. आंबवड्याच्या बाभळींवर तसेच आहे का, हे तिथल्या मुलांनी मोजून सांगावे.